रेडिओवर नकाशा बसेना: बटालियनच्या जाळ्यासाठी सॉफ्टवेअर करताना कुठे चुकतंय?

नकाशेकर

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये आमचा सहाजणांचा गट पायदळाच्या बटालियनसाठी नकाशावर चालणारं सॉफ्टवेअर तयार करतोय. सेक्शन कमांडरपासून कमांडिंग ऑफिसरपर्यंत १२० टॅबलेट धरले आहेत. आपली माणसं कुठे आहेत, शत्रू कुठे दिसला, ड्रोनला काय दिसतंय, हे सगळ्यांना एकाच नकाशावर कळावं एवढाच उद्देश आहे.

सध्याची रचना अशी: प्रत्येक टॅबलेट दर २ सेकंदांनी आपली जागा पाठवतो. संदेश एक्सएमएलमध्ये (मजकूर खुणांसकट लिहायची ऐसपैस पद्धत), साधारण ७०० बाइटचा, टीसीपीवरून (पोचपावती घेत पाठवण्याची पद्धत) जातो आणि मुख्यालयातला एक सर्व्हर तो सगळ्यांना वाटतो. वायफाय आणि ४जीवर काहीच अडचण नाही. सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ (ज्यांचं काम सॉफ्टवेअरने बदलता येतं असे सेट) जोडले की सगळ्यांना मिळून प्रत्यक्षात ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ हजार बिट) मिळतात. तिथे दहा मिनिटांत नकाशा शिळा होतो आणि 'शत्रू दिसला' हा संदेश तर पोचतच नाही असं वाटतं.

दुसरी अडचण: ड्रोनच्या कॅमेऱ्यावरून काढलेली जागा कागदी नकाशाशी जुळत नाही. आडव्या अंतरात शंभर-सव्वाशे मीटर, उंचीत साठ-पासष्ट मीटर फरक येतो. फरक दर वेळी जवळपास तेवढाच असतो, म्हणून ड्रोनचा दोष वाटत नाही.

तिसरी: जीपीएस बंद केलं की जागा तर जातेच, पण रेडिओसुद्धा थोड्या वेळाने एकमेकांना ऐकेनासे होतात. हे का होतं?

आयडेक्सच्या (संरक्षण क्षेत्रातल्या नव्या उद्योगांना अनुदान देणारी सरकारी योजना) पुढच्या फेरीत अर्ज करायचा आहे. त्याआधी मूळ रचनाच बदलावी लागणार असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

---

बिनतारी

आधी गुणाकार करू. १२० टॅबलेट, ७०० बाइट, दर २ सेकंदांनी: सेकंदाला ३,३६,००० बिट, म्हणजे ३३६ केबीपीएस. वाट ६४ केबीपीएसची. सव्वापाच पट माल ओतताय.

आता रांग 'जो आधी आला तो आधी गेला' या पद्धतीची असेल तर काय होतं बघा. दहाव्या मिनिटाला पडद्यावर जी जागा दिसते ती साधारण आठ मिनिटांपूर्वीची असते. आणि त्याच दहाव्या मिनिटाला कोणी 'शत्रू दिसला' असा संदेश टाकला, तर त्याच्यापुढे उभे असलेले जागांचे संदेश संपून त्याची पाळी यायला बावन्नावं मिनिट उजाडतं. संदेश हरवत नाही, तो रांगेत उभा असतो. वायफायवर हे कधीच दिसत नाही, कारण तिथे रांगच लागत नाही.

दुरुस्ती या क्रमाने करा.

पहिलं, किती वेळाने पाठवायचं ते बदला. पायी चालणारा जवान ताशी ४ किमी चालतो, म्हणजे २ सेकंदांत सव्वादोन मीटर. साध्या जीपीएसची चूकच ३ ते ५ मीटर असते. म्हणजे तुम्ही निम्मा वेळ जीपीएसची थरथर प्रसारित करताय. नियम अंतरावर लावा: २५-३० मीटर हलला तर पाठव, नाहीतर दोन-तीन मिनिटांनी एकदा 'मी आहे' एवढंच. गाडी ताशी ४० ने जात असेल तर ती सेकंदाला ११ मीटर जाते, तिला ५० मीटरचा उंबरा ठेवला की साडेचार सेकंदांनी एक संदेश होतो. गाड्या कमी असतात, चालून जातं.

दुसरं, एक्सएमएल सोडा. अक्षांशाला २४ बिट दिले तर बारकावा साधारण १.२ मीटर मिळतो, रेखांशाला २४ बिट दिले तर विषुववृत्तावर २.४ मीटर. म्हणजे जागा ६ बाइटमध्ये बसली. उंची २, ओळख क्रमांक २, वेळ २, प्रकार १, अचूकता १. झाले १४ बाइट. संदेश खरा असल्याची खूण म्हणून आणखी ८ बाइट जोडा, कारण खोटी जागा घुसवणं हा शत्रूचा सगळ्यात स्वस्त हल्ला आहे. एकूण २२. त्यावर आयपी (पत्त्याचा भाग) आणि यूडीपी (पोचपावतीशिवाय पाठवण्याची पद्धत) यांचे मिळून २८ बाइट येतात, म्हणजे डबा मालापेक्षा जड. म्हणून प्लाटूनच्या पातळीवर चार-पाच जागा एकाच पॅकेटमध्ये बांधा. अगदी काही न बांधता, सरासरी ३० सेकंदांना एक संदेश धरला तरी १२० × ५० बाइट म्हणजे १.६ केबीपीएस होतात. ३३६ वरून १.६ वर आलात.

तिसरं, टीसीपी काढा. रेडिओ एका वेळी एकतर बोलतो नाहीतर ऐकतो. टीसीपीच्या पोचपावत्यांसाठी तो सारखा बाजू बदलत राहतो आणि प्रत्येक बदलात वेळ जातो. शिवाय एखादं पॅकेट गेलं की टीसीपी समजतो गर्दी झाली आणि वेग कमी करतो. इथे गर्दी नसते, मध्ये डोंगर आलेला असतो. यूडीपी वापरा. पोचपावती फक्त शत्रूचा संदेश, मारा मागणारा संदेश आणि जखमीला हलवण्याचा संदेश यांनाच ठेवा.

चौथं, महत्त्वाप्रमाणे रांगा तीन करा आणि जागांच्या रांगेत एका माणसाचा एकच संदेश राहू द्या. नवी जागा आली की न गेलेली जुनी फेकून द्या. जुनी जागा पोचवून काही उपयोग नाही, उलट घात होतो.

वाहिनीवर एकूण भार ३०-४० टक्क्यांच्या वर नेऊ नका. आणि संदेश मधल्या सेटवरून तीन उड्या मारून जात असेल तर तेवढाच संदेश हवेत तीनदा जातो हे गणितात धरा. ६४ चे प्रत्यक्षात एकवीस उरतात.

ड्रोनचं चालतं चित्र या वाटेवर पाठवायचं नाही. ७२० ओळींचं साधं चित्र २ एमबीपीएस मागतं. ज्याच्या हातात ड्रोन आहे त्याने बघावं, हवा तो तुकडा कापावा आणि ५ केबीचं स्थिरचित्र, जागा व एक ओळ मजकूर पाठवावा. वाहिनीतले २० केबीपीएस मोकळे असतील तर ते दोन सेकंदांत जातं.

---

रुंदपट्टी

बिनतारी यांचं गणित बरोबर आहे, पण चित्र पाठवायचंच नाही हे पटत नाही. आता रुंद पट्ट्याचे रेडिओ मिळतात, ५ मेगाहर्ट्झ पट्टा घेतला तर काही एमबीपीएस सहज मिळतात. २०२० नंतरच्या लढायांत तोफखान्याला ड्रोनचं थेट चित्र दिसणं हाच मोठा फरक पडला. आपल्याकडेही जानेवारी २०२५ मध्ये 'संजय' ही रणभूमी टेहळणी प्रणाली आली, २,४०२ कोटी रुपयांची, भारत इलेक्ट्रॉनिक्सबरोबर (बीईएल) केलेली. जमिनीवरच्या आणि हवेतल्या सगळ्या सेन्सरची माहिती तपासून, दुबार नोंदी काढून एक चित्र तयार करायचं, हेच तिचं काम आहे. मग खालच्या पातळीला आपण मजकुरावरच का थांबायचं?

---

बिनतारी

@रुंदपट्टी, चित्र हवंच, पण त्याची वाट वेगळी हवी. कारण सांगतो. २५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यावरून ५ मेगाहर्ट्झवर गेलात की पट्टा २०० पट झाला आणि रेडिओच्या कानात येणारा गोंगाटही २०० पट, म्हणजे २३ डेसिबल (डीबी) वाढला. तेवढ्याच शक्तीच्या सेटचा मोकळ्या हवेतला पल्ला चौदाव्या हिश्श्यावर येतो. डोंगरात गणित आणखी बिघडतं.

म्हणून दोन जाळी ठेवा. अरुंद पट्ट्याचं जाळं सगळ्यांसाठी, जागा आणि मजकुरापुरतं, ते कधीच पडू द्यायचं नाही. रुंद पट्ट्याचं जाळं ड्रोनचं ठाणं, तोफखान्याचा निरीक्षक आणि मुख्यालय एवढ्यांपुरतं, दिशादर्शक अँटेना लावून, समोरासमोर दृष्टी असेल तिथेच. ५ किमीच्या दुव्यावर २.४ गिगाहर्ट्झला मध्यभागी दृष्टिरेषेभोवती साडेबारा मीटर जागा मोकळी लागते, ४०० मेगाहर्ट्झला तीस मीटर. नुसतं 'समोरचा डोंगर दिसतोय' एवढ्याने भागत नाही. रुंद जाळं पडलं तर सॉफ्टवेअरने आपोआप स्थिरचित्रावर यावं आणि वापरणाऱ्याला ते स्पष्ट दाखवावं.

२.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झवरचं बाजारातलं ड्रोन तुम्ही चाचणीत वापरत असाल. जॅमर सगळ्यात आधी तेच पट्टे झाकतो. युक्रेनमध्ये दोन्ही बाजू काचतंतूची रिळं बांधलेल्या ड्रोनकडे वळल्या त्या यामुळेच. तंतू जॅम होत नाही आणि चित्र स्वच्छ येतं. बदल्यात १० किमी तंतूचं वजन स्फोटकाच्या नाहीतर बॅटरीच्या वाट्यातून जातं, आणि झाडीत तंतू अडकतो.

---

बेंचमार्क

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण फरक दर वेळी तेवढाच येतोय ही त्यातली खरी खूण आहे. ड्रोन निर्दोष आहे. तुमच्याकडे दोन पृथ्व्या आहेत.

आपले जुने कागदी नकाशे एव्हरेस्टच्या लंबगोलावर (पृथ्वीचा मानलेला गणिती आकार) काढलेले आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या दुसऱ्या लंबगोलावर बोलतं. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दोन मालिका केल्या. सर्वांसाठीची मुक्त मालिका डब्ल्यूजीएस-८४ आणि यूटीएमवर (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारी ग्रिड) आहे, संरक्षण मालिका मात्र एव्हरेस्टवरही असते. एव्हरेस्टचे अक्षांश-रेखांश तसेच उचलून जीपीएसच्या नकाशावर ठेवले तर नाशिक-पुण्याकडे साधारण ८० मीटर पूर्व-पश्चिम आणि १०० मीटर उत्तर-दक्षिण, मिळून सव्वाशे-एकशेतीस मीटरची चूक येते. तुमचा आकडा हाच आहे. एका लंबगोलावरून दुसऱ्यावर नेणारं सातही घटकांचं किंवा निदान तीन घटकांचं रूपांतर वापरा आणि त्यानंतरही काही मीटर शिल्लक राहतील हे धरून चाला, कारण ही मूल्यं सबंध प्रदेशाची सरासरी असतात.

उंचीचं असं. जीपीएस लंबगोलापासूनची उंची मोजतं, नकाशा समुद्रसपाटीपासूनची सांगतो. भारताखाली समुद्रसपाटीचा पृष्ठभाग लंबगोलाच्या बराच खाली आहे. पश्चिम महाराष्ट्रात हा फरक साधारण ६५ मीटर आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उभं राहून लंबगोलाची कच्ची उंची वाचली तर ती उणे साठच्या घरात दिसते आणि ते बरोबरच असतं. यात सापळा असा की बरेच रिसीव्हर आतल्या आत ही दुरुस्ती करून उंची देतात. रिसीव्हर पाठवतो त्या एनएमईए मजकुराच्या जीजीए ओळीत समुद्रसपाटीपासूनची उंची आणि त्यापुढे हा फरक असे दोन्ही आकडे असतात, ते वाचून बघा. रिसीव्हरनेही दुरुस्ती केली आणि तुम्हीही केली, तर तेवढीच ६५ मीटरची चूक उलट्या बाजूला येते.

ड्रोनमध्ये तिसरी उंची असते. ऑटोपायलट बहुतेक वेळा उड्डाणाच्या जागेपासूनची उंची सांगतो, हवेच्या दाबावरून मोजलेली. ड्रोन टेकडीवरून उडवला तर '१२० मीटर' म्हणजे टेकडीच्या वर १२०. या तीन उंच्यांना तीन वेगळी नावं द्या आणि कोडमध्ये त्या एकमेकींत मिसळल्या तर प्रोग्राम तयारच होऊ नये अशी सोय करा. मारा ४५ अंशांच्या आसपास उतरत असेल तर उंचीतली ६५ मीटरची चूक जमिनीवरही साधारण तेवढीच उमटते. देवळालीजवळ आहात, तोफखान्याचे निवृत्त सर्व्हे शाखेचे लोक सहज भेटतील. त्यांच्याकडून हे एकदा तपासून घ्या.

आता लांबच्या दोन गोष्टी, ज्या नाशिकला कधीच दिसणार नाहीत.

एक, दिक्पात. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळपास एकच आहेत, म्हणून होकायंत्राची दुरुस्ती विसरलात तरी चाचणी पास होते. लडाखमध्ये हा फरक तीन अंशांच्या घरात जातो. तीन किलोमीटरवरच्या लक्ष्यासाठी तीन अंश म्हणजे दीडशे मीटरहून जास्त. ड्रोनच्या कॅमेऱ्याची दिशा होकायंत्रावरून येत असेल तर हे तुमच्या सगळ्या लक्ष्यांना लागू होतं.

दोन, यूटीएमचा पट्टा. ७८ अंश पूर्वेला ४३ वा पट्टा संपून ४४ वा सुरू होतो. अमरावती ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये. लेह ४३ मध्ये, पूर्व लडाखचा बराच भाग ४४ मध्ये. रेषेच्या दोन बाजूंना असलेल्या दोन कंपन्यांमधलं अंतर नुसत्या ग्रिडच्या आकड्यांची वजाबाकी करून काढलं तर उत्तर शेकडो किलोमीटर येतं. आत सगळं अक्षांश-रेखांशात साठवा, ग्रिड फक्त दाखवताना काढा, आणि अमरावती-नागपूरच्या मध्ये खोट्या तुकड्या उभ्या करून हे तपासा.

प्रत्येक बिंदूबरोबर अचूकतेचा आकडा पाठवा, वर बिनतारींनी त्याला एक बाइट दिलाच आहे. नकाशावर १५० मीटरच्या चुकीचा बिंदू आणि ५ मीटरच्या चुकीचा बिंदू सारखाच टोकदार दिसला, तर बघणारा दोन्हींवर सारखाच विश्वास टाकतो.

---

रुबिडियम

तिसरा प्रश्न. जीपीएस गेलं की रेडिओ बहिरे का होतात? कारण तुमचे रेडिओ वेळ जीपीएसकडून घेतात. वारंवारता बदलत उड्या मारणारे सेट एकाच क्षणी एकाच वारंवारतेवर असावे लागतात, आणि पाळीपाळीने बोलणाऱ्या जाळ्यात प्रत्येकाला आपली पाळी ठाऊक असावी लागते. नाटोच्या लिंक-१६ मध्ये एक पाळी ७.८१२५ मिलिसेकंदांची असते, सेकंदाला १२८ पाळ्या.

आतल्या घड्याळाचा हिशोब करा. १ पीपीएमचा (दहा लाखांत एक एवढी चूक) साधा तापमान-भरपाई स्फटिक दिवसाला ८६ मिलिसेकंद सरकतो. तुमच्या जाळ्यात पाळीच्या दोन्ही अंगांना २ मिलिसेकंद सैल ठेवले असतील तर जीपीएस गेल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात सेट एकमेकांच्या पाळीवर बोलू लागतात. भट्टीतला (कायम एकाच तापमानात ठेवलेला) स्फटिक ०.०१ पीपीएमचा घेतला तर तीच मुदत दोन दिवसांवर जाते, पण तो जास्त वीज खातो. उपाय: सगळ्यांना महाग घड्याळ देऊ नका. कंपनीच्या एका सेटला चांगलं घड्याळ द्या आणि बाकीच्यांनी रेडिओवरूनच त्याच्याशी वेळ जुळवावी. जवळपास सगळ्या चांगल्या सेटमध्ये ही सोय असते, पण मूळ मांडणीत ती बंद असते.

जॅमिंग किती सोपं आहे तेही आकड्यात बघा. जीपीएसचा संकेत जमिनीवर उणे १३० डीबीएमच्या (एका मिलिवॅटच्या तुलनेतलं डीबी माप) आसपास पोचतो. १ वॅटचा जॅमर १० किमीवर, मध्ये काही अडथळा नसेल तर, उणे ८६ देतो. म्हणजे जॅमर पंचवीस हजार पट मोठ्याने ओरडतोय. चार घटकांचा जॅमरविरोधी अँटेना तीन दिशांना कान बंद करू शकतो, चौथा जॅमर आला की संपलं. वाहनावर तो जरूर लावा, प्रत्येक टॅबलेटला तो परवडणार नाही.

नाविक (जीपीएससारखी आपली स्वतःची उपग्रह प्रणाली) वापरणार असाल तर जरूर वापरा, पण त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. पहिल्या उपग्रहाची तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली, त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये उष्णता-कवच न सुटल्यामुळे वाया गेला. मे २०२३ मध्ये नव्या मालिकेतला एनव्हीएस-०१ स्वदेशी घड्याळासह गेला. जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. एनव्हीएस मालिकेने एल१ पट्टाही दिला, जो साध्या मोबाइलच्या चिपला ऐकू येतो. जुन्या उपग्रहांसाठी एल५ आणि एस पट्टा ऐकणारा रिसीव्हर लागतो. विकत घेतलेल्या मॉड्यूलच्या कागदावर 'नाविक' लिहिलेलं असतं, कोणता पट्टा ते बघून घ्या.

सॉफ्टवेअरमध्ये निदान एवढं करा. जागा गेली की चिन्ह पुसू नका आणि गोठवूही नका. शेवटच्या जागेभोवती वर्तुळ काढा आणि ते चालण्याच्या वेगाने वाढू द्या. नवी जागा मागच्या जागेपासून शक्य नाही इतकी लांब आली तर ती नाकारा. बनावट संकेत असाच पकडता येतो, पण तो हळूहळू ओढत नेणारा असेल तर नाही, त्यासाठी पावलं मोजणाऱ्या सेन्सरशी ताडा. आणि हाताने ग्रिड टाकायची सोय पहिल्याच पडद्यावर ठेवा, हातमोजे घालून दहा सेकंदांत जमेल अशी. नकाशा वाचता येणाऱ्या माणसाला जॅम करता येत नाही.

एक बारीक चूक जवळपास प्रत्येकाकडून होते. जीपीएसची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे, २०१७ पासून. ड्रोनची नोंद एका वेळेत आणि टॅबलेटची दुसऱ्या वेळेत असेल तर ताशी ४० ने जाणारी एकच गाडी नकाशावर २०० मीटर अंतराने दोनदा दिसते. सेकंदाला २५० मीटर जाणाऱ्या एका विमानाची साडेचार किलोमीटर अंतराने दोन विमानं होतात. सैन्याच्या हवाई संरक्षणासाठीच्या 'आकाशतीर'सारख्या प्रणालीत, मार्च २०२३ मध्ये बीईएलशी १,९८२ कोटींचा करार झाला ती, अनेक रडारांच्या नोंदी एकत्र करून एकच माग काढायचा असतो आणि तो वायुसेनेच्या जाळ्याशी जुळवायचा असतो. तिथे वेळ आणि डेटम (कोणता लंबगोल धरला ते) यांवरच सगळं उभं असतं.

---

नकाशेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. जीजीए ओळ उघडून बघितली, रिसीव्हर उंचीची दुरुस्ती करत नव्हता, आमचाही कोड करत नव्हता. आडवी चूक एव्हरेस्टचीच निघाली.

दोन प्रश्न राहिले. ड्रोनच्या औष्णिक कॅमेऱ्यावर माणूस ओळखणारं मॉडेल बसवलंय, चाचणी-चित्रांवर फार चांगलं आहे, पण प्रत्यक्षात सारखी खोटी सूचना देतं. आणि सर्व्हर मुख्यालयात एकच आहे, त्याला जोडीदार दिला की पुरेल का?

---

रात्रपाळी

मॉडेलचं आधी. समजा दहा हजार फ्रेममध्ये एकदाच चुकतं. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे तासाला ९०,०००. तासाला नऊ खोट्या सूचना, वीस कॅमेरे असतील तर १८०. दर वीस सेकंदांना एक. पहारेकरी तासाभरात आवाज बंद करतो आणि मग खरी सूचनाही जाते.

'लागोपाठच्या दहांपैकी आठ फ्रेममध्ये दिसला तरच सांग' हा नेहमीचा उपाय अर्धाच चालतो, कारण चुका सुट्या नसतात. दिवसभर तापलेला दगड सगळ्याच फ्रेममध्ये माणूस दिसतो. त्यासाठी कॅमेरा स्थिर असेल तिथे मागच्या तासाभराची पार्श्वभूमी लक्षात ठेवा आणि जे हललं नाही ते गाळा. ड्रोनवर असाल तर त्या जागेची आधीची फेरी ताडून बघा. सूर्योदयानंतर आणि सूर्यास्तानंतर एकदा अशी दिवसातून दोनदा माणसाचं आणि जमिनीचं तापमान सारखं होतं, तेव्हा औष्णिक कॅमेरा जवळपास आंधळा असतो. राजस्थानच्या उन्हाळ्यात दुपारी जमीन माणसापेक्षा गरम, म्हणजे चित्र उलटं. सह्याद्रीत गोळा केलेल्या चित्रांवर शिकवलेलं मॉडेल तिथे नेऊ नका, तिथली चित्रं घ्या, त्या त्या वेळची घ्या. आणि निकाल 'किती टक्के बरोबर' असा मांडू नका, 'दर तासाला किती खोट्या सूचना आणि किती माणसं सुटली' असा मांडा. वापरणारे तेच विचारतात.

सर्व्हरला जोडीदार दिलात तरी तो त्याच तंबूत असेल तर एकाच गोळ्यात दोन्ही जातात. सर्व्हर असावा, पण त्याच्याशिवायही जाळं चाललं पाहिजे. प्रत्येक कंपनीचा टॅबलेट आपल्यापुरता नकाशा स्वतः धरून ठेवतो, दुवा आला की फक्त बदल देवाणघेवाण करतो, अशी रचना करा. एकाच बिंदूवर दोघांनी बदल केला तर कोणाचा टिकणार हा नियम आधी ठरवा. शत्रूच्या नोंदींना 'शेवटचा जिंकतो' लावू नका, दोन्ही ठेवा आणि माणसाला ठरवू द्या.

मुख्यालय रेडिओवर सतत बोलतं, म्हणून ते दिशाशोधकाला सगळ्यात आधी सापडतं. अँटेना तंबूजवळ नको, तंतूने काही शे मीटर लांब न्या. शक्ती लागेल तेवढीच ठेवा. १० डीबी कमी केली की मोकळ्या हवेत तुम्ही ऐकू येण्याचं अंतर एक तृतीयांशावर येतं. सॉफ्टवेअरमध्ये 'मौन' असं एक बटण हवं: ऐकायचं सगळं, बोलायचं काही नाही. ते दाबल्यावर मागून काहीही, अगदी अद्ययावतीकरणाची विचारणासुद्धा, बाहेर जाता कामा नये. हे स्पेक्ट्रम अनालायझर (हवेत काय प्रसारित होतंय ते दाखवणारं यंत्र) लावून तपासा, कोड वाचून नाही.

अद्ययावतीकरणावरून आठवलं. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेन वापरत असलेल्या व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह-इंटरनेटच्या जाळ्यातले हजारो मोडेम एका सकाळी निकामी झाले. उपग्रहाला हात लागला नव्हता. चुकीच्या मांडणीच्या व्हीपीएनमधून हल्लेखोर व्यवस्थापनाच्या जाळ्यात शिरले आणि तिथून मोडेमची स्मृती पुसणारा आदेश सोडला. जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचं दूरनियंत्रणही त्यात गेलं. तुमच्या १२० टॅबलेटना एका बटणाने नवं सॉफ्टवेअर देता येत असेल तर ते बटण हाच तुमचा सगळ्यात मोठा धोका आहे. सही केलेलंच सॉफ्टवेअर चालेल, दोन जणांची मंजुरी लागेल, आणि एका वेळी एकाच कंपनीला जाईल, असं बांधा.

---

निविदाकक्ष

आयडेक्सबद्दल थोडक्यात. साध्या आव्हानात अनुदान दीड कोटीपर्यंत, आयडेक्स प्राइम या गटात दहा कोटी, अदिती या योजनेत पंचवीस कोटीपर्यंत. तुमच्या बाजूनेही वाटा दाखवावा लागतो आणि पैसा टप्प्याटप्प्याने येतो. टप्पे लिहिताना 'सॉफ्टवेअर पूर्ण' असं लिहू नका. '६४ केबीपीएसच्या वाहिनीवर १२० टॅबलेट, शत्रूचा संदेश १० सेकंदांत, जीपीएस बंद ठेवून ४ तास' असं मोजता येईल ते लिहा. चाचणी त्यावरच होईल आणि वाद होणार नाहीत.

यंत्राला जेएसएस ५५५५५ या लष्करी मानकाखालच्या पर्यावरण चाचण्या आणि विद्युतचुंबकीय हस्तक्षेपासाठी मिल-एसटीडी-४६१ लागते. टॅबलेट त्यात नापास होतो तो बहुधा पाण्यामुळे नाही, चार्जिंगच्या तारेतून बाहेर पडणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींमुळे. फेराइट (तारेवरचा गोंगाट अडवणारी कडी) आणि कवचवाली तार सुरुवातीपासून धरा, शेवटी बसवली तर जोडणीच बदलावी लागते. संदेश गुप्त करणारी सांकेतिक पद्धत स्वतः रचू नका. त्याची तपासणी डीआरडीओच्या सायंटिफिक ॲनालिसिस ग्रुपकडे होते आणि ती वेळ घेते, म्हणून तो भाग वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवा, म्हणजे बदलला तरी बाकीचं सॉफ्टवेअर हलणार नाही. सर्व्हर लिनक्सवर चालू द्या. संरक्षण मंत्रालयाने २०२३ पासून उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) आधारलेली 'माया' ही संगणक-प्रणाली आणली आहे.

ड्रोनच्या सुट्या भागांची यादी चिपच्या पातळीपर्यंत आत्ताच करा. फेब्रुवारी २०२५ मध्ये ४०० मालवाहू ड्रोनचे करार चिनी भागांच्या कारणावरून रद्द झाले. मोटर नियंत्रक, व्हिडिओ पाठवणारा आणि उड्डाण-नियंत्रक हे तीन भाग आधी बघा.

बॅटरी. टॅबलेट आणि रेडिओ मिळून सरासरी १२ वॅट धरले तर ७२ तासांना ८६४ वॅट-तास लागतात. लिथियम-आयनचा बांधलेला पॅक किलोला १५० वॅट-तास देतो असं धरलं तर पावणेसहा किलो. उणे २० अंशांत त्यातले ६५ टक्केच हाती येतील असं मानून आखणी केली तर जवळपास नऊ किलो होतात, आणि ते जवानाच्या पाठीवर. शून्याच्या खाली चार्जिंग करायचं नाही, धातूचं लिथियम आत साचतं आणि पॅक पुढे आतून शॉर्ट होऊ शकतो, म्हणून चार्जरमध्ये तापमानाची अट घाला. पडद्याचा उजेड आणि दर २ सेकंदांचं प्रसारण हे तुमचे सगळ्यात मोठे खर्च आहेत. दुसरा बिनतारींच्या दुरुस्तीने आपोआप कमी होईल. पहिल्यासाठी पडदा १५ सेकंदांत बंद आणि शत्रूच्या संदेशाला कंपन, एवढं करून पुन्हा मोजा, मग पॅकचं वजन ठरवा.